हातांची खुर्ची

लोणावळा, मंगळवार, २२ जानेवारी १९७४

डोकं अजून तापलेलंच आहे. माझ्यामागून दोन वर्षांनी कारखान्यात लागलेला देवधर हेडक्लार्क झाला आणि हातांची खुर्ची त्याला मिळाली. त्याला माझ्याहून जास्त काय येतं? मला तीच जुनी, बिनहातांची.

आज पुण्याहून एक साहेब छापील प्रश्न घेऊन आले. इथे सगळ्यांना सारखा न्याय मिळतो का? लायकीपेक्षा जास्त कुणाला मिळतं? स्वतःचं नाव लिहायचं नव्हतं. मी देवधरचं नाव ठसठशीत लिहिलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हमालांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांचे कागद मीच भरले. आंदर मावळातला कोंडिबा दिवसभर पेट्या वाहतो. त्याला विचारलं, जास्त कुणाला मिळतं? देवधरच म्हणेल, अशी खात्री होती.

तो जरा घुटमळला. "राग न्हाई ना यायचा, भाऊसाहेब? तुमालाच. दिसभर खुर्चीत बसून असता."

त्या बिनहातांच्या खुर्चीचाही कुणाला हेवा वाटतो?

साहेबांनी बजावलं होतं, सांगतील तेच लिहा. मी लिहिलं, देवधर.

"लय उपकार झालं," म्हणत कोंडिबाने तो कागद स्वतःच्या हाताने साहेबांच्या कुलूपबंद पेटीत टाकला.