बाबा पानांशी बोलतात

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. जिन्याला नवा कठडा बसवून घेतला. बाबांनी मागच्या काचेच्या गॅलरीत कुंड्यांची अशी गर्दी केली आहे, की कपडे वाळत घालायला मला अंग चोरून जावं लागतं.

बाबा हल्ली त्या कुंड्यांना रोज धडा वाचून दाखवतात. हसू नकोस. बरं, हसून घे, कारण पुढे रागावणार आहेस. जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण वाचा गेली. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी पाटीवर लिहिलं आणि मी ते ऐकलं. चूक माझी आहे, त्यांची नाही.

बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्यांच्यासमोर बाबा तोंडच उघडेनात. तीस वर्षं वर्ग गाजवलेला माणूस, 'अ' म्हणायला लाजणारच. शेवटी मी शक्कल लढवली. म्हटलं, पाणी मुळं घेतील, ऊन काचेतून येईल, पण पानांना लागणारा वायू आपल्या उच्छ्वासातच असतो ना? मग जवळ बसून जरा मोठ्याने वाचा.

विज्ञानाच्या मास्तरांना मी विज्ञान शिकवत होते! त्यांनी एक पान उलटं करून मला दाखवलं आणि पाटीवर लिहिलं, "वायू इथून, खालच्या बारीक छिद्रांतून आत जातो. पण खिडकी उघडी असताना माझा श्वास इथे उरेल कसा?"

लबाडी पकडली गेली म्हणून मी चहाच्या निमित्ताने सटकले. परत आले तर त्यांनी खिडकी लावून घेतली होती आणि ते अडखळत वाचत होते.

काल मी दाराबाहेर थांबून ऐकलं. धडा नव्हताच. "सो... सो..." एवढंच चाललं होतं. घाम पुसत, पुन्हा पुन्हा. बऱ्याच वेळाने "सोन्या" असं पूर्ण आलं. तुला या नावाने दुसरं कोण हाक मारतं, सांग.

तुला "चालता हो" म्हणायला त्यांना क्षणही लागला नव्हता, हे मी विसरलेले नाही. तूही विसरू नकोस हवं तर. पण ही हाक मारायला त्यांना पाच महिने लागलेत.

रविवारी सकाळी फोन कर. मी त्यांच्या हातात देईन. बराच वेळ तुला नुसता श्वास ऐकू येईल. तेवढा वेळ फोन ठेवू नकोस.

तुझ्यापासून लपवून चुकलेली,
तुझीच ताई