फिकी ओळ

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

नोकरीला महिना झाला आणि मला किळस आली आहे. आमचं द्रावण तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करतं. खालीच गोदाम असल्यामुळे तो उग्र वास जिन्यात, केसांत, डब्यातसुद्धा शिरतो. वासाची सवय होईल, मालकाची नाही होणार.

कंपनीच्या वेबपानाला रंगरूप द्यायचं काम माझ्याकडे आहे. नियम लिहिताना आधी तो कोणासाठी ते लिहायचं, मग रंग, आकार. तळाशी सूचनेची एक ओळ होती. गिऱ्हाईक बिचकतं, ती फिकी कर, असं मालक म्हणाला. मी चिडून घाईत नियम सगळ्याच परिच्छेदांना लावला आणि अख्खं पान पांढरंफटक पडलं. त्याने सगळ्यांसमोर माझी अक्कल काढली. मग मी त्या एका ओळीला 'टीप' नावाचा क्लास, म्हणजे गटाची खूण, दिला आणि टिंब देऊन त्या नावापुरता नियम लिहिला: अक्षर बारीक, पांढऱ्यावर फिकट राखाडी. ओळ आहे असं म्हणता येतं, वाचता येत नाही. मालक खूश आहे. मला सारखे हात धुवावेसे वाटतात.

मामींना नमस्कार. माझ्यावर रागावलात तरी माया कमी करू नका.

आपली,
बिट्टी

१२ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. नोकरी लागली तेव्हा तू पानाचा पत्ता कळवला होतास. भाचीचं काम म्हणून मी कौतुकाने सगळं वाचलं आणि तीच बाटली आणली. आमच्या मोरीत केसांचा आणि साबणाचा बुळबुळीत गोळा अडकला होता. अर्धी बाटली ओतली तरी पाणी हलेना, म्हणून तुझ्या मामीने वरून कपड्यांचं ब्लीच ओतलं. खिडकी बंद होती, विषारी वाफ कोंडली. ती दारातच कोसळली. दोन दिवस दवाखान्यात होती, आता श्वास ठीक आहे, पण आवाज बसलाय. जी ओळ तू फिकी केलीस, तीत हेच लिहिलं होतं ना, की दुसरं काही मिसळू नका?

चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या मी. अक्षर दुरून वाचता यावं म्हणून रंगवायचं, हे तुला ब्रश हातात देऊन शिकवलं. त्याच हाताने तू हे केलंस, त्याची मला शिसारी आली आहे. आणखी लिहवत नाही.

मामा

१८ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

हो, त्यात तेच होतं. पत्र वाचून मी तशीच उठले आणि ते पान उघडलं.

क्लास कितीही जणांना देता येतो, पण आयडी, म्हणजे एकट्याची ओळख, पानावर एकालाच. दोन नियमांची ओढाताण झाली की आयडीचा वरचढ ठरतो. त्या ओळीला मी आयडी दिला, वर आणली, लाल आणि जाड केली. मालकाचा फिका नियम तसाच राहू दिला, पण त्याचं काही चालेना. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. पुसून टाक म्हणाला. मी नाही म्हटलं आणि माझा डबा उचलून निघाले. सोमवारी दुसरा कोणी बसेल आणि ओळ पुन्हा फिकी करेल.

मामी मला माफ करतील का? तेवढं कळवा, कसंही असलं तरी.

आपली,
बिट्टी

२५ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

भांडकुदळ पोरी, नोकरी गेली ते बरं झालं. काल पाहिलं, ओळ खरंच फिकी केलीय. हलकट माणूस.

मग मी रंगाचे जुने डबे उघडले. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या बाटल्यांच्या फळीवर पाटी लावायला दुकानदार तयार झाला. मजकूर तुझ्या मामीचा. बोलता येत नाही, म्हणून चिठ्ठ्यांवर लिहून देते, आणि माझं अक्षर तिरकं झालं की बोटाने टोचते. पाटी रंगवून झालीय, लाल रंग अजून ओला आहे. अशी आणखी सहा दुकानं आहेत आणि माझा हात हल्ली थरथरतो.

माफीचं मी तिला विचारलं. तिने माझ्याच हातातला ब्रश घेऊन पुसला, आणि चिठ्ठीवर लिहिलं की हा बिट्टीसाठी ठेवा, रविवारी येईल ती.

लोभ होता तसाच आहे, आलीस की तो मोजून बघ.

मामा