गंगव्वाचे म्हात्रे

राजाजीनगर, बंगळूर
गुरुवार, १७ नोव्हेंबर १९९४

तीर्थस्वरूप वासुदेवराव यांस,

बिंदुमाधवाचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा, वहिनींचा दमा आणि नागपूरची थंडी ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो; क्षेम खरोखर आहे की नाही हे मात्र मला नक्की सांगता येत नाही, आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच. आपण सुनंदाचे थोरले भाऊ. लग्नात माझा कान पिळायचा मान आपण घेतलात (आणि मानापेक्षा जरा जास्तच पिळलात), तेव्हा माझा मूर्खपणा आपल्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

सुखदाला डॉक्टरांनी प्रवासाची बंदी केली, म्हणून लेकीनं बाळंतपणाला आईकडे यायचं सोडून आईच लेकीकडे नागपूरला आली, हे आपण जाणताच. जाताना सुनंदानं माझी ब्लडप्रेशरची गोळी माझ्या स्वाधीन केली. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक. गाडी सुटताना तिनं खिडकीतून तीन गोष्टी सांगितल्या. विरजण लावत जा, ही पहिली. गोळी चुकवू नका, ही दुसरी. तिसरी सांगताना मी तिच्या बाकाखालच्या बॅगा मोजत होतो, त्यामुळे नुसती मान हलवली. (बॅगा पाच होत्या. घरून निघताना चार होत्या. पाचवी कोणाची, ते अजून कळलेलं नाही. आपल्याकडे एखादी परकी बॅग आली असल्यास कळवावं.)

आता आपण म्हणाल, रोज एक गोळी गिळायची, त्यात अवघड ते काय? वासुदेवराव, गिळणं अवघड नाही. गिळली होती की नाही हे आठवणं अवघड आहे. रोज तोच कप, तेच पाणी, तीच गोळी. आज घेतली ती आठवते आहे की कालची, हे कसं ओळखायचं? मी पहिल्या आठवड्यात एक युक्ती काढली. गोळी घेतली की पाकीट पालथं ठेवायचं. पण घेतली का ते बघायला पाकीट उचललं की मग ते मुळात उताणं होतं की पालथं, हेच विसरायला व्हायचं. मग दिनदर्शिकेवर फुल्या मारू लागलो. त्याच चौकोनात सुनंदानं दुधाच्या फुल्या मारायची शिस्त लावून दिली आहे. म्हणजे चौकोनात फुली दिसली की एक तर दूध आलेलं असतं, नाही तर मी गोळी घेतलेली असते, आणि दूध तर रोजच येतं. आज हिशेबानं पाकिटात नऊ गोळ्या हव्या होत्या. अकरा आहेत. म्हणजे दोन चुकल्या म्हणावं, तर मागच्या रविवारी मी दोनदा घेतल्याचं मला पक्कं आठवतं. (निदान दोनदा पाणी प्यायलो होतो.) हसू येतं तसं भयही वाटतं. माझे वडील याच दुखण्यानं गेले, हे आपल्याला ठाऊक आहे.

या गोंधळात भर पडली ती म्हात्र्यांची. आमच्याकडे गंगव्वा नावाची बाई धुण्याभांड्याला येते. वयानं माझ्यापेक्षा मोठी, बोलणं सगळं कानडीत. सुनंदा वर्षभरात भाजीवाल्यांकडून कानडी शिकली. माझं ऑफिसात हिंदीवर भागतं, त्यामुळे मला येतात ते शब्द सात-आठ. सुनंदा गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गंगव्वा रोज सकाळी माझ्यापुढे उभी राहून विचारू लागली, "मात्रे आयता?" मला वाटलं, ही कोणा म्हात्र्यांची चौकशी करते आहे. (इकडे पुष्कळ जण म्ह चा म करतात, हे मी ऑफिसात हेरून ठेवलं होतं.) आमच्याआधी या घरात कोणी म्हात्रे राहत असावेत, गंगव्वा त्यांच्याकडे कामाला असावी, आणि ते परत येतील या आशेवर ती बिचारी रोज विचारत असावी, असं मी ताडलं. तेव्हा मी रोज हसून सांगायचो, "म्हात्रे इल्ल." इल्ल म्हणजे नाही, हा माझ्या सात-आठांपैकी एक. ती कपाळाला हात लावायची आणि भांडी आपटायची. म्हात्रे माणूस फार चांगला असला पाहिजे, असं मला वाटू लागलं. खरं सांगतो, थोडा हेवाही वाटला. माझ्यासाठी कोणी भांडी आपटल्याचं स्मरत नाही.

घरमालकीण चंद्राबाई वर राहतात. त्यांची मंडळी कितीएक पिढ्या इकडेच, पण घरात मराठी टिकवून आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "नाही की हो अण्णा, तुमच्याआधी शेषाद्री होते इथं." त्यावरून मी अनुमान काढलं की म्हात्रे शेषाद्रींच्याही आधीचे. तीन-चार आठवडे ते इल्ल इल्ल सांगून माझा जीव विटला. शेवटी मराठी मंडळात चौकशी केली, तेव्हा आनेकलला एका कारखान्यात कोणी म्हात्रे असल्याचं समजलं. गेल्या रविवारी बस धरून आनेकल गाठलं. म्हात्रे भेटले. सज्जन माणूस. राजाजीनगरात आपण कधी राहिलो नाही असं ते पुनःपुन्हा सांगत होते, पण एका म्हातारीच्या समाधानासाठी चला म्हटल्यावर आले बिचारे.

सोमवारी सुट्टी टाकून मी त्यांना सकाळी दिवाणखान्यात बसवून ठेवलं. गंगव्वा आली, तिनं नेहमीचा प्रश्न केला, आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "म्हात्रे बंदिद्दारे," म्हणजे आले आहेत. (हे वाक्य ऑफिसातल्या शिपायाकडून घोकून घेतलं होतं.) ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली. पाहुण्याला पाणी आणलं म्हणून मी तो म्हात्र्यांच्या हाती दिला आणि ते प्यायले. गंगव्वा रागावून मला बरंच काही बोलली. ते ऐकता ऐकता म्हात्र्यांना ठसका लागला आणि हसू आवरेना. बारा वर्षं आनेकलला काढलेला माणूस. त्यांनी डोळे पुसत मला सांगितलं की कानडीत मात्रे म्हणजे औषधाची गोळी, आणि आयता म्हणजे झाली का. ही बाई महिनाभर विचारत होती, गोळी घेतली का, आणि मी रोज हसून सांगत होतो, गोळी नाही.

सुनंदानं खिडकीतून सांगितलेली तिसरी गोष्ट ही होती: गंगव्वाला सांगून ठेवलंय, ती रोज विचारील.

इथवर हसण्यासारखं आहे. पण त्याआधीच गंगव्वानं काळजीनं ते चंद्राबाईंना सांगितलं होतं, आणि चंद्राबाईंनी नागपूरला फोन केला, "सुनंदाक्का, तुमचे यजमान एक दिवस पण मात्रे घेत नाहीत, विचारलं तर इल्ल म्हणून हसतात, स्वल्प बघा." आता सुनंदा चोवीस तारखेच्या गाडीनं निघते आहे. सुखदाचे दिवस भरत आले. पहिलटकरीण पोर, आणि तिची आई माझ्या गोळीपायी तिला सोडून येणार, ही कल्पना मला सहन होत नाही. मी फोन करून सगळं समजावलं. पण म्हात्र्यांची गोष्ट मी रचून सांगतो आहे, असं तिचं मत पडलं. आपला शब्द ती मोडत नाही. तिला थांबवा.

वहिनींना नमस्कार, सुखदाला अनेक आशीर्वाद.

आपला,
बिंदुमाधव

ता. क. काल डॉक्टरांना दाखवून आलो. प्रेशर चांगलं आहे. ते म्हणाले, जसं चाललंय तसंच चालू ठेवा. तसं म्हणजे कसं, हे त्यांना विचारायचा धीर झाला नाही.

ता. क. २. आजपासून गंगव्वा गोळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही. तेव्हा माझी काळजी खरोखरच नको.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना आठवलं, की मंगळवारीही आपल्याला एक पत्र लिहिलं होतं. पेटीत टाकलं की नाही ते आठवत नाही. त्यात लिहिलं होतं की सुनंदाला मुळीच अडवू नका, सुखदाजवळ वहिनी आहेत, मला इथे एकट्यानं घास उतरत नाही. दोन्ही पत्रं मिळाली तर आजचं सुनंदाला लगेच वाचायला द्या, मंगळवारचं बाळ झाल्यावर. आणि नुसतं मंगळवारचंच पोचलं, तर यातलं काहीच आपल्याला कळायचं नाही. पण तसं झालंच, तर माझी काही हरकत नाही.