इद्दत कधी संपणार

अम्मी, तुला आणि अब्बांना सलाम.

मी बरी आहे, उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस. हे गेल्यापासून खोली सोडावी लागेल अशी धास्ती होती, पण घरमालकीण अजून तरी काही बोललेली नाही. दिवसा शिलाईच्या कारखान्यात जाते. नवरा गेल्यावरच्या इद्दतीत बाई पोटासाठी बाहेर पडली तर चालतं, रात्री मात्र घरीच राहायचं, हे मौलवींना विचारून घेतलंय. सुपरवायझर रात्रपाळीला ये म्हणून मागे लागलाय. बघू, किती दिवस टाळता येतंय ते.

बांगड्या मी स्वतःच उतरवल्या. घास उतरत नाही, पण तू ओरडशील म्हणून जेवते. अब्बांचा खोकला थांबला का?

तू विचारलंस, इद्दतीचे चार महिने दहा दिवस झाले की न्यायला येऊ का? अम्मी, तो हिशोब मला लागू नाही. बाई पोटुशी असेल तर तिची इद्दत बाळ झाल्यावरच संपते.

यांना सुट्टीच्या दिवशी निवांत सांगू म्हणून थांबले होते. सुट्टीच्या आदल्या दिवशीच हे गेले. आता पहिल्यांदा तुलाच सांगतेय.

न्यायला नको येऊस. राहायला ये.

तुझी धाकटी