नऊशे चाळीस ग्रॅम

प्रिय बुंदी,

गिनीपिगला पत्र लिहिणारी बाई अख्ख्या लातुरात मी एकटीच असेन. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाहिलं तर म्हणतील, "सुनंदा, लेकरांचे वजनं करू करू तुझं डोकं फिरलं बघ." फिरलं असेलही. तू जाऊन दोन आठवडे झाले, आणि मी थकलेय गं. पण आज हे कुणाला तरी सांगायलाच हवं आणि ते तुलाच सांगायला हवं.

आज अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. औशाकडच्या त्या गावात मी सतरा वर्षं सेविका आहे, दर महिन्याला एकेक लेकरू काट्यावर ठेवते. आज एका आईनं पोरीला फ्रॉकवर फ्रॉक घालून आणलं. मी सवयीनं म्हणाले, "कपडे काढ तिचे. कपड्यात वजन लपतं." म्हणाले आणि हात तिथंच थांबला. तुझे ते तपकिरी दाट केस आठवले. त्यांच्या आत तू किती वाळली होतीस आणि मी वरून हात फिरवून म्हणायची, कशी गुबगुबीत आहे माझी बाय!

तुला आणि तुझ्या जोडीच्या शेवला माझ्या लेकीनं, मेघानं आणलं. बुंदी आणि शेव, नावंही तिचीच. जूनमध्ये कॉलेजसाठी नांदेडला गेली तेव्हा बॅग भरायची सोडून मला तुमचं शिकवत बसली होती. "आई, दर रविवारी दोघांचं वजन कर. हे जीव दुखणं लपवतात. वजन उतरलं की लगेच दवाखाना." मी हसले. म्हटलं, मला शिकवतेस होय, माझा जन्म वजनं करण्यात गेलाय!

पहिल्या रविवारी मी खरंच वजन केलं. दुसऱ्या रविवारी बसचा प्रवास, आत्याबाईंचे गुडघे, मोबाइलवर भरायची माहिती, सगळ्यानं जीव मेटाकुटीला आला होता. मेघाचा फोन आला. "केलंस का वजन?" "हो, केलं." "बुंदीचं किती?" मी मागचाच आकडा सांगितला, नऊशे चाळीस. शेवचाही मागचाच. मग दर रविवारी तेच. कधी नऊशे पस्तीस, कधी पंचेचाळीस, म्हणजे खरं वाटावं! अंगणवाडीत एखादीनं असे अंदाजाचे आकडे भरले तर मी तिला फाडून खाल्लं असतं. तुझ्या बाबतीत मीच ते केलं. काटा फळीवर होता आणि त्यावर मोहरीची बरणी.

गावाहून येताना पिशवीभर हिरवं गवत आणायचे, ते संध्याकाळपर्यंत संपायचं. मला वाटायचं दोघं खातात. सगळं शेव खात होता, होय ना? पिशवीचा आवाज झाला की तू शीळ घालत पुढे यायचीस, कोथिंबिरीची काडी उचलायचीस आणि खाली टाकायचीस. हनुवटी ओली असायची. मला वाटायचं, पाणी पिऊन आलीस.

मग नवरात्र आलं. माहूरची देवी आमचं कुलदैवत, नऊ दिवस घरात कडक उपास. आठव्या दिवशी तू पानाला तोंड लावेनास. आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "हिनं बी नवरात्र धरलं गं! लई गुणाची हाय." आणि त्यांनी तुझ्यापुढे चिमूटभर भगर ठेवली. तीही तू खाल्ली नाहीस. आम्ही हसलो, बुंदे. मी तर व्हिडिओ काढून मेघाला पाठवला! उपाशी जिवाला उपासाचं कौतुक. कसं सुचलं मला?

व्हिडिओ पाहून मेघा फोनवर ओरडलीच, "आई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने!"

जनावरांच्या डॉक्टरांनी तुला काट्यावर ठेवलं. सहाशे दहा. "मागचं किती होतं?" मी म्हणाले, नऊशे चाळीस. "कवाचं?" "गेल्या रविवारचं." "चार दिवसांत एवढं उतरत न्हाई, ताई." आणि मी काय बोलले ठाऊक आहे? "आमचा काटा बिघडला असेल." तू समोर मान टाकून बसलेली आणि मी बिचाऱ्या काट्यावर ढकलून मोकळी!

तुझ्या दाढा वाढून जिभेवर आल्या होत्या. भूक होती, चावता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर आधी आणलं असतं तर कापून देता आल्या असत्या. आता हिला भूल झेपायची न्हाई. अंगात जोर येऊ द्या." दोन दिवस सुईविना सिरिंजनं पातळ घास तुझ्या तोंडात थेंब थेंब सोडत राहिले. दसऱ्याच्या दुपारी तू माझ्या मांडीवर गेलीस.

मेघा फोनवर रडली आणि मग मलाच समजावत बसली. "आई, तू तर दर रविवारी वजन करत होतीस. तुझा काहीच दोष नाही." मी "जेवलीस का" विचारून फोन ठेवला. त्यानंतर आजवर मला नीट झोप नाही, बुंदे.

आज घरी आल्या आल्या मोहरीची बरणी उचलली आणि शेवला काट्यावर ठेवलं. आठशे सत्तर. बघत बसले. हे कमी की बरोबर? पहिल्या रविवारी किती होतं, आठवेना. त्यानंतरचे सगळे आकडे मीच रचलेले. मेघानं घरी असताना केलेली खरी वजनं तिच्या वहीत आहेत आणि वही नांदेडला. शेव खातोय, पण आज काकडीची फोड अर्धी सोडली त्यानं. तो आकडा मागायचा तर का हवा तेही सांगावं लागेल.

आत्याबाई देवापुढे दिवा लावून आल्या. म्हणाल्या, "कवापासून लिहून राहिलीस गं, कुणाला?" मी खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. शेजारी बसून म्हणाल्या, "तिला माझं बी लिही. मला कळलं न्हाई म्हणाव."

बुंदे, तुला शब्द देते. हे पत्र मिटलं की मेघाला फोन लावणार आहे. आधी सगळं कबूल करणार, मग शेवचा जूनमधला आकडा विचारणार. ती चिडू दे, बोलेनाशी होऊ दे. आकडा उतरलेला निघाला तर सकाळी अंगणवाडीला नंतर, दवाखान्यात आधी.

तुझी,
सुनंदा