शंभरपैकी शंभर

३ मार्च
उजव्या कोपराचा सांधा बदलून आज सहा आठवडे. माझ्यानंतर दोनच दिवसांनी साडूनेही त्याच डॉक्टरांकडून बदलून घेतला. माझं बघूनच. मी सोफा घेतला तेव्हाही आठ दिवसांत याचा सोफा हजर.

५ मार्च
साडू म्हणे आपल्या हाताने जेवतो. बायकोने हे तीनदा ऐकवलं, तेही मला भरवताना. भावजींची जिद्द बघा म्हणे! माझा घास तोंडाच्या वीतभर अलीकडे थांबतो. याला संयम म्हणतात.
संकल्प: व्यायाम रोज चार वेळा. एक तारखेला माझं बंद सलून उघडायचं, पहिल्या गिऱ्हाइकाचे केस मीच कापणार.

६ मार्च
व्यायाम एकदा. उरलेले तीन उद्या जोडून.

९ मार्च
फिजिओबाईंनी कोपर किती वाकतं ते मोजलं. शंभर अंश. साडूचं सहज विचारलं. एकशे तीस. अंगाचा तिळपापड झाला. बाईंची पट्टीच वाकडी असणार.

१४ मार्च
हॉस्पिटलात फॉर्म. गुण आपले आपणच द्यायचे. घास तोंडापर्यंत जातो का? केस विंचरता येतात का? शेजारी साडू. डोकावलो तर गधडा खरं लिहीत होता! चौसष्ट गुण. मी शंभरपैकी शंभर. डाव्या हाताने लिहिले, एवढंच.

१६ मार्च
फिजिओबाईंचा फोन. शंभर म्हणजे उपचार संपले, अभिनंदन. माझी दहाची वेळ साडूला दिली. माझी वेळ! खरं सांगणारच होतो. थँक्यू म्हणालो.

२२ मार्च
व्यायाम बंद. बाईंशिवाय करणं धोक्याचं. कोपर आखडलंय, पंख्यामुळे.

२७ मार्च
ऑपरेशनला घाबरणाऱ्या पेशंटांना डॉक्टर शंभर गुणवाला दाखवणार आहेत. साडूला मुद्दाम कळवलं. कौतुकाने येतो म्हणाला. जळत असणार.

२९ मार्च
हॉल भरलेला. डॉक्टरांनी कंगवा दिला, केस विंचरा म्हणाले. तीस वर्षं लोकांची डोकी सांभाळलेला मी! हात उचलला, मान खाली घातली, कमरेत वाकलो. कंगवा मिशीपर्यंत पोचला. मिशी विंचरली.
कोणी हसलंही नाही. पुढच्या रांगेतले एक आजोबा मुलीला म्हणाले, चल, नको आपल्याला हे ऑपरेशन.
मग साडू उठला. कंगवा घेऊन नव्या कोपराने माझे केस विंचरले. आजोबा परत बसले. टाळ्या. कानात म्हणाला, दादा, उद्यापासून दहाला तुम्ही जा, मी बाईंशी बोलतो.
घरी आल्यावर आरशासमोर अर्धा तास चूक शोधली.
भांग अगदी सरळ पडलाय.