सव्वीस जूनचे चोर

नागासाकी, २ जुलै

प्रिय साकाए,

शाळेच्या मागच्या पायरीवर बसून आपण कास्तेला केकच्या कडा खायचो, ते तुला आठवतं का? दुकानदार कापून उरलेल्या कडा कागदी पिशवीत भरून स्वस्तात द्यायचा. वाटणी करताना एक तुकडा हमखास मोठा निघायचा आणि नेमकी तेव्हाच तू समुद्राकडे तोंड फिरवून बोट पाहायला लागायचीस. (बोट नसली तरी पाहायचीस.) मोठा तुकडा मी उचलायचे. सिस्टर बेनेदिक्तांनी आपल्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, पण केकच्या कडांबद्दल त्यात काही नव्हतं.

तुझी कंबर आता बरी असेल अशी आशा करते. माझे गुडघे रोज घरापर्यंतच्या पायऱ्या मोजतात आणि एकशे सत्तेचाळीसचा आकडा मला मोठ्याने सांगतात. म्हणूनच माझ्या तोमोआकीने ठरवून टाकलंय की महिनाअखेर मी टेकडीवरचं हे घर सोडून ओसाकाला त्यांच्या सातव्या मजल्यावर जायचं. "आई, गॅलरीत एक कुंडी चालेल हं," चिरंजीव फोनवर म्हणाले, "पण छोटी. भाताच्या वाडग्याएवढी." सूनबाई गुणी आहे. मी आनंदात आहे. (हे वाक्य मी दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा अक्षर चांगलं आलं.)

प्रश्न फक्त हायड्रेंजियाच्या झाडांचा आहे. आमच्या दाराशी जमीन कुठली? सगळा सिमेंटचा उतार. आमचा जुना लोखंडी बाथटब बदलला तेव्हा तो खाली न्यायला कोणी हमाल तयार होईना, म्हणून आमच्या यांनी तो पायऱ्यांच्या वळणावर ठेवला, माती भरली आणि झाड लावलं. पाणी निथळायला भोक आयतंच होतं. त्यातली फुलं आजवर निळी येतात. शेजारी भिंतीला टेकून सिमेंटची मोठी कुंडी आहे, तिच्यातली त्याच झाडाची फांदी मात्र गुलाबी फुलते. हे म्हणायचे, माणसाचंही असंच असतं, कोणत्या भांड्यात पडतो त्यावर रंग. हे जाऊन सहा वर्षं झाली, तरी टबाला पाणी घालताना मी अजून आधी "झालं का हो आंघोळीचं?" असं विचारते.

आता चोरांविषयी. सव्वीस जूनला हायड्रेंजियाचं फूल कागदात गुंडाळून संडासात उलटं टांगलं की म्हातारपणी कुणाच्या हाताने उठाबसायची वेळ येत नाही, हे तुला माहीतच आहे. फूल चोरीचं हवं, विकतचं किंवा मागून आणलेलं लागू पडत नाही, हेही. आमच्या उतारावर म्हाताऱ्याच जास्त आणि मोठी झाडं माझ्याच दाराशी. एके वर्षी मला सिस्टर आठवल्या आणि मी "कृपया फुले तोडू नयेत" अशी पाटी लावली. सगळ्यांनी ती पाळली. झाड न छाटलेलं राहिलं, मी शहाणीने ते ऑक्टोबरात, पुढच्या कळ्या धरल्यावर छाटलं आणि पुढच्या वर्षी दोन्ही कुंड्यांत नुसती पानं! तेव्हा कळलं की वेळेवर छाटणी करणारे माळी हे चोरच होते.

मग मी पाटी काढली आणि टबाला दोरीने कात्री बांधली. इवानागा आजी (वय अठ्ठ्याऐंशी) दारातच उभ्या राहिल्या. "अगं किनुए, कात्री बांधून ठेवलीस तर ती चोरी कसली? दान झालं ते! दानाने काय होतंय? गुण गेला की सगळा." मी कात्री सोडली. "आणि आत जाऊन रेडिओ जरा मोठा लाव," त्या म्हणाल्या, "तू ऐकतेस म्हटलं की मला लाज वाटते." तेव्हापासून दर सव्वीस जूनला मी मागच्या खोलीत रेडिओ मोठा लावून बसते. चोर आधी खोकतात, मग कापतात. पापनिवेदनाच्या वेळी मी फादर नाकाशिमांना विचारलं, चोरीला अशी साथ देणं पाप आहे का? ते म्हणाले, "आमच्या स्वयंपाकीणबाईंकडे गुलाबी आहे. ते तुमचंच का?"

तर असं आहे. ओसाकाला सगळं नीट होईल. तू काळजी करू नकोस.

तुझी,
किनुए

ता. क. मी स्वतः आजवर कधीच चोरी केली नव्हती. यंदा केली. सव्वीस तारखेला खाली ट्रॅमच्या रस्त्याला येऊन तुझ्या फाटकाशी असलेल्या पिंपातलं हायड्रेंजियाचं फूल मीच कापलं. खोकायला विसरले. तरी आतून तुझा रेडिओ एकदम मोठा झाला. शेतीच्या बातम्या होत्या. तू शेतीच्या बातम्या कधीपासून ऐकायला लागलीस?

ता. क. २. मागे तू म्हणाली होतीस की तुझी मागची खोली रिकामी आहे. मी हसण्यावारी नेलं होतं. आता नेणार नाही. उत्तर लिहू नकोस, नकार लिहून द्यायची वेळ तुझ्यावर यायला नको. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मी तुझ्या फाटकाशी येऊन खोकेन.

वाटणी अशी. सिमेंटची गुलाबी कुंडी इवानागा आजींना, तिथल्या तिथे, त्यांना दोनच पायऱ्या उतरायच्या आहेत. टब हलणार नाही, तो चोरांना. कात्री फादरच्या स्वयंपाकीणबाईंना. निळ्या झाडाच्या फांद्या लावून सात रोपं केली आहेत. रविवारी रेडिओ मोठा झाला, तर ती सातही तुला आणि त्यांना पाणी घालणारी बाईही. नाही झाला, तर एक वाडग्यात घालून ओसाकाला नेईन, उरलेली सहा तुझ्या फाटकाशी ठेवून जाईन. तू तेवढा वेळ समुद्राकडे पाहा.